भोपळा टुणूक टुणूक उडतो कसा?

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली. यंदा पाचवीत आहे. शाळेत ‘कोडिंग’ नावाचा तास सुरू झालाय आणि त्यात स्क्रॅच (कॉम्प्युटरला ठोकळे जोडून आज्ञा देण्याची मुलांसाठीची भाषा) शिकवतात, हे तिने पहिल्याच दिवशी जरा ऐटीत सांगितलं. मी दारात ठिपके मोजत रांगोळी घालत होते आणि ती आत लॅपटॉपवर रांगोळी काढत होती. थोड्या वेळाने आतून हाक आली, “मावशी, हे मांजर माझं ऐकतच नाही!”

स्क्रॅच उघडलं की पडद्यावर एक नारिंगी मांजर उभं असतं. त्याच्या शेपटीला जणू पेन बांधता येतं आणि ते चालेल तिथे रेघ उमटते. भाचीला समभुज त्रिकोण काढायचा होता. त्यासाठी तिने काहीही टाइप केलं नव्हतं. डावीकडच्या यादीतून रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक जोडले होते. ठोकळ्यांवरची अक्षरं तिच्या पडद्यावर इंग्रजीत होती, मी इथे मराठीत सांगते: ‘३ वेळा कर’ आणि त्याच्या पोटात ‘१०० पावलं चाल’, ‘उजवीकडे ६० अंश वळ’.

मांजराने तीन रेघा काढल्या, पण त्रिकोण मिटला नाही. अर्धवट सोडलेल्या आकाशकंदिलासारखं काहीतरी झालं.

“समभुज त्रिकोणाचा कोन ६०च असतो ना? बाईंनी सांगितलंय.”

बाईंचं बरोबर होतं. मांजराचंही बरोबर होतं. मी तिला म्हटलं, “ऊठ. आता तू मांजर हो.” हॉलमधल्या फरशीवर तिला चार फरश्या सरळ चालवलं आणि विचारलं, आता दुसऱ्या बाजूला लागायचं तर किती वळशील? ती वळायला लागली आणि मध्येच थांबली. ६० अंश वळली तर तोंड अजून पुढेच राहत होतं. त्रिकोणाची दुसरी बाजू मागे, जवळजवळ पाठीशी होती. तिथे पोचायला तिला गर्रकन १२० अंश वळावं लागलं. “अय्या, कोन आतला असतो आणि मी वळते बाहेरून!”

हेच. वहीत आपण त्रिकोणाकडे वरून बघतो, म्हणून आतला ६० अंशांचा कोन दिसतो. मांजर रेघेवर उभं आहे. त्याला आतला कोन माहीत नाही, स्वतः किती वळायचं एवढंच कळतं. सरळ जायचं सोडून ते जेवढं वळतं तो बाहेरचा कोन, १८० वजा ६०, म्हणजे १२०. पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्या जागी, पहिल्या दिशेला तोंड करून उभं राहायचं असेल तर एकूण ३६० अंश वळावंच लागतं. तीन बाजू असतील तर ३६० भागिले ३. चार असतील तर ९०. सहा असतील तर ६०, आणि म्हणूनच तिचा आकाशकंदील अर्धा झाला होता. तिने न कळत षटकोन काढायला घेतला होता आणि तीन बाजूंवर थांबली होती.

आता याच्यात कोडिंग कुठे आलं, असं माझ्या बहिणीने फोनवर विचारलं. ताई, कोडिंग इथेच आलं.

कॉम्प्युटरला काम सांगायचं तर दोन वेगळ्या अडचणी येतात. एक व्याकरणाची: अर्धविराम विसरला, कंस मिटवला नाही, स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की यंत्र काहीही न करता लाल अक्षरांत ओरडतं. दुसरी अर्थाची. ‘पाणी मला पितं’ या वाक्याचं व्याकरण चोख आहे, अर्थ उलटा आहे. कॉम्प्युटर हे वाक्य आनंदाने पाळेल. पहिली अडचण कटकटीची असते, पण तिच्यात शिकण्यासारखं फार नसतं. खरी विद्या दुसरीत आहे. पूर्वी आम्ही शिकलो तेव्हा पहिले दोन महिने पहिलीतच जायचे. माझ्याबरोबरची हुशार मुलं-मुली ‘हे आपलं काम नाही’ म्हणून तिथेच गळली. ठोकळ्यांची भाषा पहिली अडचण जवळजवळ काढूनच टाकते. मग उरतं ते फक्त ६० की १२०.

हे ही भाषा कशी करते, तर ठोकळ्यांच्या आकारातून. स्क्रॅचमधले बहुतेक ठोकळे जिगसॉसारखे असतात, वर खाच आणि खाली दात. एकाखाली एक बसतात आणि त्याच क्रमाने चालतात. सुरुवात करणाऱ्या ठोकळ्याला वर टोपीसारखा फुगवटा असतो, त्याच्यावर काही बसतच नाही. ‘इतक्या वेळा कर’ किंवा ‘सतत कर’ हे ठोकळे चिमट्यासारखे, मध्ये तोंड असलेले. त्यांच्या पोटात जे घालाल ते पुन्हा पुन्हा होतं. आकडा किंवा मजकूर देणारे ठोकळे गोल कडांचे. ‘हो किंवा नाही’ असं उत्तर देणारे, म्हणजे ‘वाघाला लागलाय का?’ यासारखे, दोन्ही बाजूंनी टोकदार, षटकोनी. आणि ‘जर... तर’ या ठोकळ्यात जी रिकामी जागा असते तीही षटकोनीच. तिथे नुसता १०० हा आकडा बसवायला जा, बसणारच नाही. ‘जर १०० तर’ या बोलण्याला अर्थ नाही, हे मुलाला कोणी सांगत नाही, बोटाला कळतं. प्रोग्रामिंगच्या मोठ्या भाषांमध्ये याच गोष्टीला ‘डेटा टाइप’ म्हणतात आणि तो शिकवायला एक अख्खं प्रकरण खर्ची पडतं.

रंगही उगाच नाहीत. हालचाल निळी, दिसणं जांभळं, घटना पिवळ्या, वारंवारता आणि अटी नारिंगी, गणित आणि तर्क हिरवा. एकूण नऊ गट. पेन मात्र या नऊमध्ये सापडत नाही, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली असलेल्या बटणावरून ते वेगळं मागवावं लागतं. यातच भाचीची वीस मिनिटं गेली होती.

ही कल्पना नवी नाही. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग यांनी ‘लोगो’ नावाची मुलांसाठीची भाषा तयार केली. तिच्यात मांजराऐवजी कासव होतं. आधी जमिनीवर फिरणारं यंत्र, मग पडद्यावरचा त्रिकोणी ठिपका. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ हे तेव्हापासूनचं. पॅपर्ट हे गणिती, पण मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. ‘तू स्वतः कासव हो आणि चालून बघ’ ही युक्ती त्यांचीच. मी हॉलमध्ये भाचीला चालवलं, तेव्हा काही मोठा शोध लावला नव्हता. फरक इतकाच की लोगोमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत. अमेरिकेतल्याच एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेसनिक आणि त्यांच्या गटाने त्या आज्ञांचे ठोकळे केले आणि २००७ साली स्क्रॅच सगळ्यांसाठी खुलं झालं. आज वापरात आहे ती तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ची. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, इंटरनेट नसेल तर कॉम्प्युटरवर उतरवूनही घेता येतं. फोनच्या इवल्या पडद्यावर ठोकळे जोडायच्या फंदात मात्र पडू नका. टॅबलेट तरी हवाच.

तर रांगोळी. त्रिकोण जमल्यावर चौकोन एका मिनिटात झाला: ‘४ वेळा कर: १०० चाल, ९० वळ’. मग मी तिला म्हटलं, हा अख्खा चौकोन काढून झाला की मांजराला १० अंश तिरकं कर आणि पुन्हा चौकोन काढायला लाव. असं किती वेळा? तिने बोटं मोजली नाहीत, थेट म्हणाली, “३६.” (३६० भागिले १०. आत्ताच तर कळलं होतं.) ‘३६ वेळा कर’च्या पोटात ‘४ वेळा कर’, आणि त्याच्याखाली, पण मोठ्या पोटाच्या आतच, ‘१० वळ’. पडद्यावर चौकोनांची पाकळी-पाकळी उमलत गेली आणि एक मोठं गोल फूल तयार झालं. १४४ रेघा. माझी दारातली रांगोळी तोवर अर्धीच झाली होती, हे तिने मुद्दाम बाहेर येऊन सांगितलं.

एका आवर्तनाच्या पोटात दुसरं आवर्तन, हा पहिला मोठा टप्पा. त्यात एक चूक हमखास होते आणि तिनेही केली. ‘१० वळ’ चुकून आतल्या पोटात टाकलं. मग प्रत्येक बाजूनंतर मांजर ९० अधिक १०, म्हणजे १०० अंश वळायला लागलं. चौकोन मिटेनात, पण पडद्यावर जे आलं ते मूळ फुलापेक्षा देखणं होतं, टोकाटोकांची चांदणी. तिने ते ठेवून दिलं. मी काही बोलले नाही. ठोकळा एक बोट वर-खाली झाला की अर्थ बदलतो, हे यापेक्षा चांगलं कुठे दिसणार?

दुसऱ्या दिवशी तिने मोठं काम काढलं. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत वाघ, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’, आणि परत येताना भोपळ्यात बसून ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. गोष्ट मराठी घरात कोणाला सांगायला नको. स्क्रॅचला मात्र सगळंच सांगावं लागतं.

इथे मला माझे कॉलेजातले दिवस आठवले. एकांकिका स्पर्धांना मी बॅकस्टेजला असायचे. स्क्रॅचची सगळी परिभाषाच नाटकाची आहे. उजवीकडे दिसतो तो रंगमंच. त्याच्यावर पात्रं. पात्रांना वेष. मागे पडदे. आणि प्रत्येक पात्राच्या हातात त्याची स्वतःची संहिता, म्हणजेच ठोकळ्यांची माळ. वाघाची संहिता वाघाकडे, भोपळ्याची भोपळ्याकडे. रंगमंचाच्या वर हिरवा झेंडा असतो, तो दाबला की नाटक सुरू. आमची तिसरी घंटा.

रंगमंचाची मापंही ठरलेली. रुंदी ४८० पावलं, उंची ३६०. मधोमध शून्य, शून्य. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४०. वर १८०, खाली उणे १८०. आडवी जागा सांगते ती एक्स आणि उभी सांगते ती वाय. भाचीला शाळेत ऋण संख्या अजून आलेल्या नाहीत. पण ‘उणे २००वर भोपळा ठेव’ म्हटल्यावर तो डाव्या विंगेपाशी जातो हे तिने दोनदा बघितलं आणि पुढे तिला काही समजवावं लागलं नाही.

आता भोपळा उडवायचा. तिचा पहिला प्रयत्न: ‘वायमध्ये ५० मिळव, वायमधून ५० वजा कर’. झेंडा दाबला, भोपळा जागचा हलला नाही. खरं तर हलला होता. ५० वर गेला आणि ५० खाली आला, पण दोन्ही इतक्या झटकन की मधलं काही पडद्यावर उमटलंच नाही. मध्ये ‘एक सेकंद थांब’ घातलं तर भोपळा वर टांगला जाऊन धपकन खाली यायचा. टुणूक होईना.

“चेंडू वर टाकल्यावर काय होतं?” मी विचारलं. आम्ही मोजे गुंडाळून चेंडू केला आणि पाहिलं. आधी जोरात वर जातो, मग हळू, मग क्षणभर थांबल्यासारखा होतो, मग खाली येताना पुन्हा वेग घेतो. म्हणजे वेग बदलत राहतो. आणि बदलत राहणारी गोष्ट लक्षात ठेवायची तर तिला डबा लागतो. प्रोग्रामिंगमध्ये या डब्याला ‘व्हेरिएबल’ म्हणतात. स्वयंपाकघरातल्या डब्यासारखंच: बाहेर ‘साखर’ अशी चिठ्ठी, आत आज पाव किलो, उद्या चमचाभर. चिठ्ठी तीच राहते, आतला माल बदलतो. तिने ‘वेग’ नावाचा डबा केला. सुरुवातीला त्यात १२. मग आवर्तनात तीन ठोकळे: वायमध्ये ‘वेग’ मिळव, ‘वेग’मधून १ वजा कर, एक्समध्ये ४ मिळव.

पहिल्या फेरीत भोपळा १२ वर, मग ११, मग १०... बाराव्या फेरीला एकूण ७८ पावलं वर. तेराव्या फेरीला वेग शून्य, भोपळा हवेत क्षणभर थबकतो. पुढे वेग उणे १, उणे २ आणि भोपळा खाली. दर सेकंदाला अशा साधारण ३० फेऱ्या होतात, त्यामुळे डोळ्यांना सलग उडी दिसते. टुणूक! ती टाळ्या पिटत घरभर नाचली.

आणि मग पाच उड्या मारल्यावर भोपळा उजव्या कोपऱ्यात, पार वर, झाडाच्या शेंड्यापाशी. जमीन उणे १२०वर, भोपळा १३०वर.

तिने आवर्तन २० वेळा लावलं होतं. का २०? “असंच.” कागदावर बेरीज केली. १२ पासून १ पर्यंत ७८. मग शून्य. मग उणे १ पासून उणे ७ पर्यंत उणे २८. वीस फेऱ्या संपल्या आणि भोपळा अजून ५० पावलं हवेतच. पुढची उडी तिथूनच सुरू. दर उडीला ५० चढ, पाच उड्यांत २५०. यंत्राने एक पाऊलही स्वतःच्या मनाने टाकलं नव्हतं. परत जमिनीवर यायचं तर १२ ते उणे १२, मधला शून्य धरून २५ फेऱ्या लागतात. वीसचे पंचवीस केले, काम झालं.

तरी मी एक खोडी काढली: वेग १४ कर. भोपळा पुन्हा चढायला लागला, कारण १४ला २९ फेऱ्या हव्यात. आकडा बदलला की दुसरा आकडा शोधत बसायचं, हे काही खरं नाही. त्यापेक्षा ‘अमुक होईपर्यंत कर’ हा ठोकळा. तिने लगेच लावलं: वाय उणे ११९ पेक्षा कमी होईपर्यंत कर. भोपळा हलेना. का? तो ठोकळा आधी अट बघतो, मग काम करतो. भोपळा सुरुवातीलाच उणे १२०वर, म्हणजे अट आधीच पुरी. आता जमिनीवरच आहे, मग उडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं! शेवटी अट वेगावर लावली: वेग सुरुवातीच्या आकड्याच्या उणेपेक्षाही खाली गेला की थांब. यात पाऊण तास गेला. मी चहा केला, तो निवला.

वाघाची गंमत वेगळीच. वाघाच्या संहितेत तिने लिहिलं होतं: झेंडा दाबल्यावर, जर भोपळ्याला लागलो तर ‘म्हातारीला पाहिलंस का?’ असं म्हण. भोपळा वाघावरून टुणटुण करत निघून गेला, वाघ गप्प. स्क्रॅच शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक होते आणि तिच्यामागे एक अस्सल गैरसमज आहे. आपण ‘पाऊस आला तर कपडे आत घे’ असं सांगतो, तेव्हा ऐकणारा दिवसभर आभाळाकडे लक्ष ठेवेल हे गृहीत धरतो. कॉम्प्युटरची ‘जर’ तशी नाही. झेंडा दाबल्याक्षणी वाघाने एकदाच पाहिलं. भोपळा तेव्हा पार डावीकडे. लागला नाही. संपलं, वाघ सुटला. दिवसभर लक्ष ठेवायचं असेल तर ‘जर’ला ‘सतत कर’च्या पोटात घालावं लागतं. मग वाघ सेकंदाला तीसदा विचारत राहतो: लागला? लागला? लागला? तुमच्या मुलाचं पात्र ‘ऐकत नाही’ असं झालं तर सगळ्यात आधी हे बघा.

संवादांचं दुखणं मला माझ्या बॅकस्टेजच्या अनुभवामुळे ओळखू आलं. तिने वाघ आणि म्हातारीची वाक्यं सेकंदांवर बेतली होती. म्हातारी दोन सेकंद बोलते, तोवर वाघ दोन सेकंद थांबतो, मग वाघ तीन सेकंद बोलतो, तोवर म्हातारी तीन सेकंद थांबते. चाललं होतं झकास. मग तिला म्हातारीचं पहिलं वाक्य वाढवावंसं वाटलं. दोनाचे पाच सेकंद केले आणि सगळं नाटक कोसळलं, म्हातारीचं बोलणं चालू असतानाच वाघ तिला खायला निघाला. हौशी नाटकात घड्याळ बघून एन्ट्री घेणारा नट असाच पडतो. एन्ट्री क्यूवर, म्हणजे समोरच्याचं वाक्य संपल्याच्या खुणेवर, घ्यायची असते. स्क्रॅचमध्ये क्यू द्यायची सोय आहे: एक पात्र ‘संदेश पाठव’ म्हणतं, तो संदेश रंगमंचावर सगळ्यांना ऐकू जातो आणि ज्याच्या संहितेत ‘हा संदेश मिळाल्यावर’ अशी टोपी असेल तो कामाला लागतो. म्हातारीचं वाक्य संपलं की ‘वाघोबा, बोला’. मग वाक्य दोन सेकंदांचं असो की वीस. सेकंदांचे सगळे ठोकळे तिने उचलून फेकले तेव्हा मला फार बरं वाटलं. मोठाल्या बँकांच्या आणि रेल्वेच्या सॉफ्टवेअरमध्येही वेगवेगळे भाग एकमेकांना असे संदेश पाठवूनच काम करतात.

नाटकातलीच आणखी एक गोष्ट. प्रयोग दुसऱ्यांदा लावला तर भोपळा आधीच लेकीच्या घरी उभा, वाघ भलत्या जागी. पहिला प्रयोग जिथे संपला तिथेच सगळे थांबले होते. झेंडा दाबल्यावर स्क्रॅच ही मांडणी पूर्ववत करत नाही, पात्रांच्या जागा नाही, डब्यांतले आकडेही नाहीत. तिसऱ्या घंटेआधी प्रॉपर्टी मांडायचं काम आपलंच. म्हणून प्रत्येक पात्राच्या संहितेत पहिल्या ओळी मांडामांडीच्या: एक्स इतकं, वाय इतकं, वेष पहिला, वेग १२.

याच्यापुढे काय, हे पालक लगेच विचारतात. खरं सांगायचं तर स्क्रॅच आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी केलेलं आहे. त्याहून धाकट्यांसाठी, पाच ते सात वयाला, अक्षरांऐवजी चित्रं असलेलं स्क्रॅच ज्युनियर आहे. पण मोठ्यांनी लाजायचं कारण नाही. हार्वर्ड विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा गाजलेला सीएस५० हा अभ्यासक्रमही स्क्रॅचपासूनच सुरू होतो. आपल्याकडे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेच्या आधीच्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचे उपक्रम असावेत असं म्हटलंय. त्याच सुमारास ‘दोन महिन्यांत तुमचं मूल ॲप बनवेल’ अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता. मीही एका क्लासची चाचणी-तासिका भाचीबरोबर बसून पाहिली. शिकवणारी मुलगी पडद्यावर बाण दाखवत गेली, भाची तिथे-तिथे ठोकळे ठेवत गेली आणि पंचवीस मिनिटांत ‘गेम’ तयार झाला. त्यातला एक आकडा बदलून बघ म्हटलं तर भाची माझ्याकडे बघायला लागली. त्या गेममध्ये तिचा एकही भोपळा झाडावर चढला नव्हता.

ठोकळ्यांना मर्यादा आहेत. प्रोग्राम मोठा झाला की माळा पडद्याबाहेर जातात आणि मुलं एक ठोकळा शोधायला दहा वेळा वर-खाली करतात. त्यावर एक उपाय आतच आहे: स्वतःचा ठोकळा तयार करणं. भाचीने ‘टुणूक’ नावाचा ठोकळा केला आणि उडीचे सगळे ठोकळे त्याच्या पोटात घातले. मुख्य संहिता राहिली तीन ओळींची: ‘५ वेळा कर: टुणूक’, मग वाघाला क्यू. पण हजारो नावांची यादी लावायची किंवा एखाद्या वेबसाइटवरून माहिती आणायची तर अक्षरांची भाषाच बरी. तिथे पायथन ही भाषा सोयीची, कारण पायथनबरोबरच कासवाची एक तयार पेटी येते, थेट लोगोच्या वंशातली. तिच्यात चौकोन काढायला ‘चार वेळा: फॉरवर्ड १००, राइट ९०’ असंच लिहायचं. विचार तोच. फक्त आता अपूर्णविराम (:) राहिला किंवा आतल्या ओळीला डावीकडे जागा सोडली नाही की लाल अक्षरं येतात. पण तोवर मुलाला माहीत असतं की आपल्याला काय म्हणायचंय. चुकलंय ते लिहिण्यात.

घरच्यांनी काय करायचं? माउस हातातून काढून घ्यायचा नाही, हे पहिलं. मला फार जड गेलं. ‘काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?’ एवढंच विचारायचं. निम्म्या वेळा उत्तर देता-देताच चूक सापडते. आणि स्क्रॅचवर मुलाचं खातं उघडणार असाल तर खऱ्या नावाने उघडू नका. तयार केलेली गोष्ट तिथे जगजाहीर करता येते आणि दुसऱ्या कुणाचीही उघडून, आतले ठोकळे बघून, बदलून आपली करता येते. स्क्रॅच हे नावच मुळी डीजे लोक तबकडी मागेपुढे घासून जुन्या गाण्यातून नवं काढतात, त्यावरून आलंय. तेव्हा ‘दुसऱ्याचं बघून केलं’ म्हणून ओरडू नका, तिथे ती रीतच आहे.

भाची गेली त्या दिवशी नाटकात तिने पाऊस घातला. एका थेंबापासून थेंबाच्या प्रती काढायच्या, त्या वरून खाली सोडायच्या. दहा-पंधरा सेकंद धो-धो पाऊस पडला आणि एकदम बंद. झेंडा पुन्हा दाबला, पुन्हा तेच. स्क्रॅच एका वेळी ३०० प्रतींहून जास्त ठेवत नाही, आणि तिचे जमिनीवर पोचलेले थेंब तिथेच खाली साचून राहिले होते. बस पकडायची होती म्हणून लॅपटॉप मिटला. रात्री नऊ वाजता फोन आला: “मावशी, खाली आलेला थेंब पुसायचा! आता थांबतच नाही पाऊस.”